फुग्याला नळ्या फुटल्या म्हणजे प्रोटीननेच मेम्ब्रेन वाकवलं असं नाही: जीयूव्ही प्रयोग कुठल्या क्रमाने करायचा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला मायक्रोस्कोपचा फोटो दाखवतं. काळ्या बॅकग्राउंडवर लाल गोल फुगा, त्यातून केसासारखे धागे बाहेर आलेले, आणि प्रश्न ठरलेला, "वाकवलं ना प्रोटीनने?" मी विचारतो, नुसता बफर टाकून बघितलास का? बहुतेक वेळा नसतो बघितलेला. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतोय.

प्रयोग थोडक्यात असा. जीयूव्ही म्हणजे एकाच लिपिड बायलेयरचा (लिपिडच्या दुपदरी पापुद्र्याचा) १० ते ५० मायक्रॉनचा मोठा फुगा (मी पुढे फुगाच म्हणणार आहे). त्यावर बाहेरून एन्डोफिलिन नावाच्या प्रोटीनचा मेम्ब्रेनवर बसणारा तुकडा, म्हणजे एन-बार डोमेन, हिरवा डाय लावून सोडायचा आणि नळ्या निघतात का बघायचं. हे प्रोटीन चंद्रकोरीसारखं वाकडं असतं, कोरीच्या आतल्या बाजूला पॉझिटिव्ह चार्ज, त्यामुळे निगेटिव्ह लिपिडवर जाऊन बसतं आणि मेम्ब्रेनला आपल्या आकारात ओढतं, शिवाय त्याच्या टोकाचं हेलिक्स बायलेयरच्या बाहेरच्या पदरात पाचरीसारखं घुसतं.

घोळ असा की मेम्ब्रेनला वाकायला प्रोटीनच लागतं असं अजिबात नाही. बाहेर मीठ-साखर जास्त झाली आणि फुग्यातलं पाणी बाहेर आलं तरी नळ्या येतात, प्रोटीनसोबत डिटर्जंट आला तरी येतात, लेझरने लिपिड ऑक्सिडाइझ झालं तरी येतात. सगळ्यांचे फोटो जवळपास सारखेच दिसतात, आणि नंतर फोटोवरून वेगळं काढता येत नाही, जे काय करायचं ते आधीच करावं लागतं.

## १. आदल्या संध्याकाळी: प्रोटीन आधी

सगळेजण फुगे आधी बनवतात आणि प्रोटीन शेवटी फ्रीजरमधून काढतात. इथेच पहिली चूक. फुगे ताजे वापरायचे असतात, प्रोटीनला मात्र रात्रभर डायलिसिस (बारीक भोकांच्या पिशवीत घालून बफर बदलणं) लागतं, त्यामुळे क्रम उलटा हवा.

डायलिसिस का, तर ग्लिसरॉल. प्रोटीनचा स्टॉक बहुतेक वेळा १० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेला असतो आणि लोकांना ते "थोडंसंच" वाटतं. हिशोब करा: १० टक्के ग्लिसरॉल म्हणजे जवळपास १.३७ मोलर. स्टॉक वीसपट डायल्यूट केला तरी फुग्याबाहेर साधारण ७० मिलिमोलर जास्तीचं आलं, आणि फुग्यात आहे २०० मिलिमोलर सुक्रोज. म्हणजे बाहेर एकदम तिसऱ्या हिश्शाने जास्त. फुगा सुकणार, मेम्ब्रेन जास्तीचं उरणार आणि नळ्या निघणार, त्यात प्रोटीनचा काही संबंध नाही.

यात माझा जवळजवळ एक महिना गेलाय. नळ्या यायच्या आणि थोड्या वेळाने आपोआप कमी व्हायच्या, आणि मी "डायनॅमिक रिमॉडेलिंग" वगैरे लिहून बसलो होतो. ग्लिसरॉल हळूहळू आत झिरपत होतं आणि फुगे परत फुगत होते, बस्स एवढंच चाललं होतं.

बफर असा घ्या: २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, आणि ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या सगळ्या कणांचं एकूण प्रमाण) जुळवायला ग्लुकोज. मीठ कमी ठेवायचं कारण असं की हे प्रोटीन चार्जवर चिकटतं आणि मीठ तो चार्ज झाकतं, ५० मिलिमोलर मिठात चार्जचा प्रभाव साधारण १.४ नॅनोमीटरपर्यंत पोचतो, १५० मध्ये ०.८ च्या आसपासच. तुमचं प्रोटीन कमी मिठात गोळा होत असेल तर मीठ वाढवा, पण मग ग्लुकोज तितकं कमी करायला विसरू नका.

ग्लुकोज किती? मिठाचे साधारण १०० (एका मिठाचे दोन आयन होतात), हेपेसचे पंचवीस-तीस, उरलेलं ८०-९० मिलिमोलर ग्लुकोज. पण हा कागदी अंदाज झाला, शेवटचा आकडा ऑस्मोमीटरवर मोजूनच ठरवायचा. बाहेरचा बफर आतल्या सुक्रोजपेक्षा ५ ते १० टक्के जास्त हवा, का ते पाचव्या टप्प्यात.

सकाळी डायलिसिस झालं की प्रोटीन १,००,००० जी ला १५-२० मिनिटं थंड फिरवा म्हणजे गोळे खाली बसतील, वरचं काढून कॉन्संट्रेशन पुन्हा मोजा. फिरवण्याआधीचा आकडा वापरणारे खूप आहेत, आणि त्यांचं प्रोटीन दर वेळी "वेगळं वागतं".

लक्षात ठेवा: डायलिसिसचा उरलेला बफर फेकू नका. फुगे त्यातच पातळ करायचे आणि बफर-कंट्रोलही त्याचाच. नवा बफर बनवलात तर तो कंट्रोल राहत नाही.

## २. हिशोब: मोल की वजन

मेम्ब्रेनमध्ये "३० टक्के" म्हटलं की ते मोलचे टक्के असतात. हे सगळ्यांना माहीत असतं तरी चूक होते, विशेषतः कोलेस्टेरॉलच्या बाबतीत, कारण त्याचा रेणू हलका आहे, ३८७ च्या आसपास, आणि डीओपीसी (आपलं मुख्य, चार्ज नसलेलं लिपिड) ७८६. वजनाने ३० टक्के कोलेस्टेरॉल घातलंत तर मोलमध्ये ते ४७ टक्क्यांच्या घरात जातं. मेम्ब्रेन वेगळंच झालं, कडकपणा वेगळा, सगळंच वेगळं.

आपल्याला कोलेस्टेरॉल नकोय. मिक्स साधं: डीओपीसी ६९.५, डीओपीएस ३०, ऱ्होडामिन-पीई (लाल डाय लावलेलं लिपिड) ०.५ मोल टक्के. एकूण १ मिलिमोलर, ५०० मायक्रोलिटर बनवायचं तर:

डीओपीसी, १० मिग्रॅ प्रति मिली स्टॉक: २७.३ मायक्रोलिटर
डीओपीएस, तोच स्टॉक: १२.२ मायक्रोलिटर
ऱ्होडामिन-डीओपीई, १ मिग्रॅ प्रति मिली: ३.३ मायक्रोलिटर
क्लोरोफॉर्म: ४५७ मायक्रोलिटर

डीओपीएस हे निगेटिव्ह लिपिड, प्रोटीन त्यावरच बसणार. पीआयपी२ (आणखी जास्त निगेटिव्ह लिपिड) घालायची हौस पहिल्याच वेळी नको, ते साध्या क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही, काचेला चिकटतं आणि तुम्ही घातलं किती नि फुग्यात गेलं किती हे कळत नाही. आधी पीएसवर प्रयोग बसवा.

तपासा: स्टॉकची बाटली फ्रीजरमधून काढल्यावर रूम टेम्परेचरला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी आत जाऊन बसतं. आणि क्लोरोफॉर्म उडून जातो, त्यामुळे सहा महिने उघडझाप केलेल्या बाटलीवर लिहिलेलं कॉन्संट्रेशन खरं मानू नका.

## ३. मिक्स आणि काचेवरचा थर

क्लोरोफॉर्मला फक्त काच आणि टेफ्लॉन. काचेची सिरिंज, काचेची व्हायल, टेफ्लॉनवालं झाकण. प्लास्टिकच्या टिपने घेतलंत तर टिपमधलं काय काय विरघळून तुमच्या मेम्ब्रेनमध्ये येतं आणि मग फुगे का नीट होत नाहीत म्हणून आठवडाभर शोधत बसायचं. काम फ्यूम हूडमध्येच करा. आणि एक गैरसमज, नायट्राइल ग्लोव्ह घातले की झालं. क्लोरोफॉर्म त्यातून पटकन आरपार जातो, थेंब पडला की ग्लोव्ह लगेच बदलायचा.

फुगे विजेवर फुगवायचे असतात, त्यासाठी आयटीओ काच लागते, म्हणजे एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच. कुठली बाजू ते डोळ्यांनी कळत नाही, मल्टिमीटर लावा, रेझिस्टन्स दाखवेल ती बाजू. लिपिड त्याच बाजूला. उलट्या बाजूला लावून दोन तास वाट बघितली नाही असा माणूस या कामात सापडायचा नाही, मीही त्यातलाच.

काचेवर १० मायक्रोलिटर मिक्स, सिरिंजच्या सुईने पुढे-मागे करत साधारण दोन चौरस सेंटिमीटरवर पसरा. लिपिडच्या एका डोक्याला ०.७ चौरस नॅनोमीटर जागा धरली तर एवढ्या लिपिडमध्ये २० चौरस सेंटिमीटर बायलेयर होतो, म्हणजे तुमच्या काचेवर सरासरी दहाएक थर. बरोबर आहे. लोकांना वाटतं जास्त लिपिड म्हणजे जास्त फुगे, आणि पन्नास-पन्नास मायक्रोलिटर ओततात, मग जाड थरातून फुग्यात फुगा, कांद्यासारखे पापुद्रे असला प्रकार निघतो.

मग व्हॅक्यूममध्ये किमान एक तास, दोन असतील तर बरं. थोडासुद्धा क्लोरोफॉर्म राहिला तर मेम्ब्रेन बिघडतं.

सावधान: सुकलेला थर रात्रभर हवेत ठेवून घरी जाऊ नका. ऱ्होडामिन आहे, त्यामुळे उजेडातही नको. फॉइल गुंडाळा.

## ४. फुगवणं

दोन काचा, लिपिडच्या बाजू समोरासमोर, मध्ये २ मिलिमीटरचा स्पेसर, आत २०० मिलिमोलर सुक्रोज (फिल्टर केलेलं, साखरेच्या पाण्यात बुरशी फार लवकर येते). बुडबुडा राहू द्यायचा नाही.

फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झ, साइन वेव्ह. व्होल्टेज ०.२ पासून सुरू करून अर्ध्या तासात हळूहळू वाढवत १ व्होल्ट आरएमएसपर्यंत, म्हणजे पीक-टू-पीक २.८. हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात आणि मग "प्रोटोकॉल चालत नाही". त्याहून छुपा घोळ असा की बऱ्याच फंक्शन जनरेटरला वाटतं समोर ५० ओहमचा लोड आहे, आपलं चेंबर त्याहून कितीतरी जास्त रेझिस्टन्सचं असतं, त्यामुळे स्क्रीनवर १ लिहिलेलं असतं आणि चेंबरला मिळतात २. सेटिंगमध्ये जाऊन हाय-झेड करा किंवा सरळ मल्टिमीटरने काचांवर मोजा. जास्त व्होल्टेजने लिपिड ऑक्सिडाइझ होतं आणि काच तपकिरी पडायला लागते.

दोन तास असंच चालू. मग फ्रिक्वेन्सी २ ते ४ हर्ट्झवर आणून वीस-तीस मिनिटं, म्हणजे फुगे काचेपासून सुटतात. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग फुगे दिसतात पण पिपेटमध्ये येत नाहीत.

तापमान: डीओपीसी उणे १७ अंशाला वितळतं, डीओपीएस उणे ११ च्या आसपास, त्यामुळे रूम टेम्परेचर चालेल. पण मिक्समध्ये डीपीपीसीसारखं घट्ट लिपिड असेल तर ते ४१ ला वितळतं, चेंबर ५५-६० अंशावर ठेवावं लागेल आणि तेव्हा पाणी उडून सुक्रोज घट्ट होतं, कडा सील करा.

आणि हो, या १० हर्ट्झच्या रेसिपीत मीठ नको. आत मीठच हवं असेल तर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जेलवर फुगे वाढवायची पद्धत घ्या, तिथे वीज लागतच नाही.

काढताना टिपचं टोक ब्लेडने कापून भोक मोठं करा आणि अगदी सावकाश ओढा. व्होर्टेक्स तर नावही काढू नका.

## ५. चेंबर, आणि कुठला फुगा घ्यायचा

उघड्या काचेवर फुगा बसला की पसरतो आणि फुटतो. म्हणून आधी चेंबरमध्ये बीटा-केसिन (दुधातलं प्रोटीन, काच झाकायला), ५ मिग्रॅ प्रति मिली, पंधरा मिनिटं, मग बफरने दोन-तीनदा धुवा. आता ९० मायक्रोलिटर डायलिसिस बफर, त्यात १० मायक्रोलिटर फुगे. दहा मिनिटं हात लावू नका. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज, सुक्रोज जड, त्यामुळे फुगे आपोआप तळाला येऊन बसतात.

आता ते ५ ते १० टक्के का. फुगा टणक असेल, म्हणजे मेम्ब्रेनवर टेन्शन असेल, तर नळी काढायला मेम्ब्रेन आणणार कुठून? बायलेयर ताणून जेमतेम ३ ते ५ टक्के वाढतो, मग फुटतो. टणक फुग्यावर प्रोटीन छान बसतं, हिरवं वर्तुळ दिसतं, आणि नळ्या शून्य, की लगेच "माझं प्रोटीन मेलं". प्रोटीन ठीक असतं, फुगा टेन्शनमध्ये असतो. बाहेर किंचित जास्त ऑस्मोलॅरिटी ठेवली की फुगा जरासा सैल पडतो. पण १० टक्क्यांच्या फार पुढे गेलात की दुसऱ्या टोकाला, प्रोटीनशिवायच नळ्या. जागा अरुंद आहे, म्हणून तर ऑस्मोमीटर.

सैल फुगा ओळखायचा कसा? फेज कॉन्ट्रास्टमध्ये कडेकडे दहा सेकंद नुसतं बघत राहा. कड थरथरते, पाण्यावरच्या हलक्या तरंगासारखी. एकदा बघितली की परत चुकत नाही. कड कंपासने काढल्यासारखी स्थिर असेल तर फुगा टणक.

दुसरी निवड बायलेयर किती आहेत त्याची. वीस-तीस फुग्यांच्या कडेची ऱ्होडामिनची चमक मोजा, एका आकड्याभोवती मोठा गट मिळेल आणि दुप्पट-तिप्पट चमकवाले थोडे. सगळ्यात कमी चमकवाला गट एकाच बायलेयरचा, काम त्यांच्यावरच.

तपासा, पुढे जाण्याआधी: प्रोटीन न टाकता याच चेंबरमध्ये अर्धा तास फुगे बघा. चेंबर उघडं असेल तर पाणी उडतं, बाहेरचं द्रावण घट्ट होतं आणि फुगे आपोआप सैल होत जातात, कधीकधी नळ्यासुद्धा येतात. असं होत असेल तर आधी चेंबर झाका, प्रोटीनला हात लावू नका.

## ६. प्रोटीन सोडणं

१ मायक्रोलिटर घट्ट प्रोटीन वरून टपकवायचं नाही. तो थेंब खाली जाईल तिथल्या फुग्यांना कितीतरी पट डोस मिळतो, लांबच्यांना काहीच नाही, आणि मग एका फील्डमध्ये नळ्याच नळ्या नि शेजारी शुकशुकाट. त्याऐवजी हव्या त्या कॉन्संट्रेशनच्या दुप्पट प्रोटीन १०० मायक्रोलिटर बफरमध्ये आधीच मिसळा आणि चेंबरच्या कडेने सावकाश सोडा. पाच मिनिटं थांबा.

डोस खालून वर: ५० नॅनोमोलर, १००, २५०, ५००, १ मायक्रोमोलर. प्रत्येकाला नवीन चेंबर, एकाच चेंबरमध्ये वाढवत नेऊ नका. साधारण असं दिसतं की कमी डोसला हिरवं वर्तुळ येतं पण आकार तसाच, मग एका ठिकाणी अचानक नळ्या सुरू होतात, आणि फार वर गेलात की फुग्याचं सगळं मेम्ब्रेन नळ्यांत जाऊन फुगा टणक होतो किंवा कोसळतो. थेट १ मायक्रोमोलरने सुरुवात केली की फक्त शेवटचा सीन दिसतो.

नळी दिसते ती पुसट रेघ. साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही आणि बार डोमेनच्या नळ्या त्याहून खूप बारीक असतात, तेव्हा फोटोवर पट्टी ठेवून जाडी मोजू नका. तसंही प्रोटीनशिवाय ओढलेल्या नळीची जाडी टेन्शनच ठरवतं: दर मीटरला १०⁻⁵ न्यूटन टेन्शनला डीओपीसीची नळी साधारण ६० नॅनोमीटर त्रिज्येची, दहापट टेन्शनला २० ची.

दिशा मात्र नक्की लिहा. एन-बार बाहेरून बसलं तर नळ्या बाहेर यायला हव्यात. आत गेल्या असतील तर आय-बार प्रकारच्या, उलट्या वळणाच्या प्रोटीनचं ते लक्षण, किंवा मग फुगा नुसताच सुकलाय. फोकस वर-खाली करून बघा, फुग्याच्या पुढे आलेली बाहेरची नळी वरून आत असल्यासारखी दिसते, यात भलेभले फसलेत.

सावधान: फुगा ऱ्होडामिनच्या चॅनेलमध्ये बघून निवडा, मग हिरवा चॅनेल लावा. आधी हिरवं बघून "छान" फुगे निवडलेत तर आकडेवारी गेली.

## ७. कंट्रोल, आणि हे त्याच दिवशी

पुढच्या आठवड्यात करू म्हटलं की होत नाही, आणि तोपर्यंत फुगेही वेगळे, बफरही वेगळा.

पहिला, नुसता डायलिसिस बफर, तेवढाच, त्याच पद्धतीने सोडलेला. यात नळ्या आल्या तर बाकीचं थांबवा, ऑस्मोलॅरिटी पुन्हा मोजा.

दुसरा, डीओपीएस नसलेले फुगे. तिथे हिरवं वर्तुळच यायला नको. आलं तर प्रोटीन गोळा होऊन कुठेही चिकटतंय, किंवा सुटा डाय शिल्लक आहे.

तिसरा, अंधारातला. चेंबरच्या एका कोपऱ्यावर प्रोटीन टाकल्यापासून अजिबात लाईट पाडू नका, शेवटी तिथे जाऊन पहिल्याच फ्रेममध्ये काय दिसतं ते नोंदवा. लेझरखाली असलेल्या फुग्यांना नळ्या आणि अंधारातल्यांना नाही, तर तुमचा प्रयोग ऱ्होडामिन आणि ऑक्सिजनचा झाला. ज्या मिक्समधली लिपिडं वेगवेगळ्या भागांत विभागतात तिथे तर हे फारच होतं, लाईट पाडली की लिपिडचे वेगळे ठिपके उगवतात.

चौथा सगळ्यात जास्त टाळला जातो. मेम्ब्रेनवर कुठलंही प्रोटीन पुरेसं दाटीने बसलं की एकमेकांना ढकलून ते मेम्ब्रेन वाकवू शकतं, त्याला चंद्रकोरीचा आकार असायची गरज नाही. २०१२ च्या सुमारास हे गर्दीचं प्रकरण नीट मांडलं गेलं, तरी अजून लोक विसरतात. म्हणून निकेल-एनटीए लिपिड (हिस्टिडिनचा टॅग पकडून ठेवणारं) घातलेल्या फुग्यांवर हिस्टिडिन-टॅगवालं जीएफपी (हिरवं चमकणारं, चंद्रकोरीचा आकार नसलेलं प्रोटीन) बसवा, तुमच्या एन-बारइतकंच दाट. दाटी कडेच्या हिरव्या चमकेवरून काढायची, डायचा फरक कॅलिब्रेट करून, बाहेर किती नॅनोमोलर टाकलं त्यावरून नाही. त्याच दाटीला जीएफपीनेही नळ्या आल्या तर "आकारामुळे वाकलं" असं लिहिता येणार नाही, गर्दीमुळेही असेल. जीएफपी शांत आणि एन-बारला नळ्या, तर मग बोला.

मी स्वतः प्रत्येक डोसला पन्नासेक फुगे आणि तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या फुग्यांवर मोजल्याशिवाय आकडा कुणाला सांगत नाही. वहीत फुग्यांसोबत आतली आणि बाहेरची ऑस्मोलॅरिटी, चेंबर झाकलं किती वाजता, प्रोटीन सोडलं किती वाजता हेही लिहा. आणि उठायच्या आधी आयटीओ काचा धुऊन टाका, आधी पाणी-साबण, मग इथेनॉल, मऊ कापडाने, घासणीने नाही, आणि सुकल्यावर मल्टिमीटर परत लावा. रेझिस्टन्स पहिल्यापेक्षा बराच वाढलेला दिसला तर ती काच बाजूला काढा.